बाराव्या रिळानंतर

कोल्हापूर, मंगळवार पेठ
३१ डिसेंबर १९९७

संघे,

जयभीम.

आज एकतीस तारीख, आणि तुझी यादी न्हाय. पोस्टमनला दोनदा अडवून विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, धम्मपाल, पत्र आलं की मी पळत आणून देतो, आता वाट सोड की. म्हटलं, बहीण लिहीत न्हाय तर भावानं लिहावं.

आठ वर्षं चाललेलं गं आपलं हे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मॅटिनीला तू केबिनमध्ये यायचीस, स्टुलावर बसायचीस आणि वहीच्या मागच्या पानावरनं वर्षातले तुझे दहा आवडते सिनेमे वाचायचीस. दहावा आधी, पहिला शेवटी. मी मशीनला रीळ लावता लावता ऐकायचो आणि मधीच भांडायचो. तुझा पाचवा नंबर मला कवाच पटला न्हाय. तू म्हणायचीस, दादा, तू सिनेमा दाखवतोस, बघत न्हाईस.

तर यंदा मी बघितले. दहा काय जमले न्हाईत. 'जहरीला दामाद' घेतलाय, हसू नको. जावई सासऱ्याला तीनदा विष घालतो आणि सासरा तिन्ही वेळा ढेकर देऊन उठतो. तीन आठवडे हाऊसफुल्ल, बाल्कनीत बायका टाळ्या वाजवायच्या. 'बिजली चौक' घेतलाय, त्यातल्या ट्रकखालच्या मारामारीसाठी, बाकी नुसता धूर. आणि पहिला नंबर 'वळिवाची सुट्टी'. दोन भावंडं सुट्टीत मामाकडं जातात आणि मामा घरात न्हाय, एवढीच गोष्ट. तिसऱ्या दिवशी सोळा माणसं होती. पण आपला केरबा आत येऊन उभा राहिला. दारावर तिकिटं फाडण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली, पडद्याकडं त्यानं कवा मान वळवली न्हवती. तू असतीस तर ह्याच्यावर दोन पानं लिहिली असतीस.

त्या दिवसाचं काढायचं न्हाय असं ठरवून बसलो होतो. पण बरोबर वर्ष झालं, डोक्यातनं जात न्हाय. फिल्म सोसायटीची सभा, तू कागद घेऊन उठलेलीस, नवी पिवळी साडी. पहिल्या नंबरला तू 'आतून कडी' घेतलास. सतरा वर्षांनी परत आलेली ती बाई बंद दारासमोर उभी, हात वर उचललेला, आणि पडदा पांढरा. तू म्हणालीस, दार वाजवायचं काम आपल्यावर सोडलंय, असा शेवट करायला छाती लागते. काय टाळ्या पडल्या! रविवारच्या पुरवणीतलं सिनेमाचं सदर तुलाच द्यायचं जवळजवळ ठरलेलं, संपादक पहिल्या रांगेत. आणि मग ते गोल चष्म्याचे प्रोफेसर उठले. "बाई, दार वाजतं. नवरा उघडतो. पुढं वीस मिनिटं सिनेमा आहे, शेवटी हळदीकुंकूसुद्धा होतं."

किती हसले गं लोक. मागनं कोण तरी म्हणालं, पासावर फुकट बघितलं की झोप लागतेच. मी भिंतीला टेकून उभा होतो. प्रोफेसर माझ्याकडं वळले, ऑपरेटर तुम्हीच ना, त्या दिवशी सिनेमा पूर्ण दाखवलात ना? मी म्हटलं, व्हय सर, पूर्ण.

घरी आल्यावर तू विचारलंस तवा बी तेच सांगितलं. तुझा डोळा लागला असंल. संघे, तो कुणाचा बी लागतो. आईचा तर शेजारच्या आरतीच्या आवाजात बी लागायचा. त्यात लाजायचं काय? तू सहा महिन्यांत नांदेडकडची शाळा धरलीस, सिनेमाच्या वह्या माळ्यावर टाकून गेलीस. एवढ्याशा गोष्टीला एवढं करतात व्हय?

तुझ्या तालुक्याला टॉकीज हाय म्हणं. एक तरी सिनेमा बघ. चार ओळी लिहून पाठव, पाच नंबरला काय बी घाल, मी भांडणार न्हाय.

तुझा दादा

---

३१ डिसेंबर १९९९

संघे,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. आईच्या गुडघ्याचं विचारलंस, शाळेच्या गळक्या पत्र्याचं लिहिलंस, सिनेमाचं अक्षर न्हाय. आणि 'मी गेले, मी आले' लिहितेस आता. हितं असताना 'मी गेलो, मी आलो' म्हणत पेठभर फिरायचीस. पक्की मास्तरीण झालीस.

यंदा माझ्याकडं सहा सिनेमे जमले, पण सगळं लिहीत बसत न्हाय. 'बंदूकवाली मास्तरीण' तुझ्यामुळं घेतलाय. ती फळ्यावर नेम धरती आणि अख्खा वर्ग एकदम पाढे म्हणतो. 'पगार' नावाचा एक हिंदी आलता, काळाकुट्ट, हिरो शेवटपर्यंत कारखान्याच्या दारात बसून राहतो. पब्लिकनं खुर्च्या फाडल्या. मला आवडला. का आवडला ते सांगता येईना, तूच असायला पायजे होतीस.

एक बातमी. जुलैत 'आतून कडी' परत आला, कुठल्या तरी मदत-खेळासाठी, तीन दिवस. मी चौदाच्या चौदा रिळं बघितली. केबिनच्या भोकाला डोळा लावून, स्टुलावर न बसता. दार वाजतं. नवरा खोकत खोकत उघडतो. ती पाया पडती, तो म्हणतो, चहा टाक. मग गाणं, मग शेजारणी, मग ते हळदीकुंकू. आयला, काय भिकार शेवट हाय! तू झोपेत बघितलास तो शंभर पटीनं चांगला होता. खरं सांगतो संघे, तूच बरोबर होतीस. म्हणजे सिनेमा तसा न्हवता, पण तसाच पायजे होता.

प्रोफेसर परवा बाजारात भेटले. ते सदर ज्यांना दिलं त्यांनी पाच महिन्यांत बंद केलं म्हणाले. तुझं काय त्यांनी विचारलं न्हाय आणि मी बी काढलं न्हाय. भाजीची पिशवी त्यांच्या हातातनं घेऊन रिक्षापर्यंत पोचवली. का पोचवली कुणास ठाऊक. घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत आलो.

आणि हे बघ, केरबा हल्ली जुनं काय बी उकरून काढतो. "धम्मा, त्या मॅटिनीला रं..." असं सुरू करतो. मी म्हणतो, गप की म्हाताऱ्या. तुला त्यानं कवा पत्र टाकलं तर मनावर घेऊ नको. त्याला कालचं आठवत न्हाय.

दिवाळीला बी आली न्हाईस. आई दारात बसून होती.

तुझा दादा

---

३१ डिसेंबर २००१

संघे,

जयभीम. यंदा यादीत एकच सिनेमा हाय, तो बी अर्धाच बघितला, त्यामुळं नाव लिहीत न्हाय. केबलनं आमचं कंबरडं मोडलंय. मॅटिनी बंदच केला. नाईटला कुत्री येऊन झोपतात स्टॉलमध्ये.

केरबा गेला. दिवाळीच्या आधी, चार दिवस तापानं. मी खांदा दिला, रडलो बी. आणि परत येताना पंचगंगेच्या घाटावर हातपाय धुवत होतो तर एकदम मोकळं वाटलं. बरं वाटलं गं. म्हाताऱ्यानं मला मशीन पुसायला शिकवलं, मुलगा मानलं, आणि तो मेला तर मला बरं वाटलं. असला माणूस हाय तुझा भाऊ.

तुला एक गोष्ट लिहायची हाय. चार ओळी लिहिल्या होत्या, कागदच फाडला. दुसरा घेतलाय तो हा.

आई विचारती, तू संघीला काय बोललास? पोरगी पैसे पाठवती, औषधं पाठवती, स्वतः का येत न्हाय? मी म्हटलं, मी काय बोललो न्हाय. आणि मी उठून टॉकीजला गेलो, शो न्हवता तरी.

तब्येत सांभाळ.

दादा

---

१२ जानेवारी २००४

संघे,

तुझं पत्र काल आलं. सात वर्षांत पहिल्यांदा कार्ड न्हाय, पत्र. तीन पानं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि परत वाचलं.

तुझंच तुला सांगतो, म्हणजे मी नीट समजलो का बघ. सरपंचाच्या घरी सकाळी चोरी झाली. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही तिकडं बी रीत दिसतीया. तिथनं पिराजीला उचलला. आणि पिराजी त्या सकाळी पोरीचं नाव घालायला शाळेच्या गेटवर उभा होता, प्रार्थनेपासनं मधल्या सुट्टीपर्यंत. हेडमास्तर आत घेईनात म्हणून उभाच होता. हे तू वर्गाच्या दारातनं बघितलंस आणि पोलिसांना तसा जबाब दिलास. तुझ्याशिवाय त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी न्हाय. आता हेडमास्तर म्हणतात, बाई, तुमचं लक्ष नव्हतं, मधी तो जाऊन आला असेल. सगळा गाव तेच म्हणतोय. नऊ फेब्रुवारीला कोर्टात साक्ष.

आणि तू लिहितेस, "दादा, मी जबाब मागे घेणार आहे. माझा डोळा लागतो आणि मला कळतही नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? असल्या डोळ्यांच्या भरवशावर मी शपथ कशी घेऊ?"

संघे, तुझा डोळा लागला न्हवता. माझा लागला होता.

सतरा ऑक्टोबर शहाण्णव, गुरुवार, 'आतून कडी'चा शेवटचा मॅटिनी. आदल्या रात्री शो उरकून मी हुपरीला गेलतो, दोस्त आकारामच्या नव्या घराची जेवणं होती. पहाटेच्या यष्टीनं परत. डोळ्याला डोळा न्हाय. असिस्टंट रजेवर, केबिनमध्ये मी एकटा. बारावं रीळ चालू केलं, तेरावं दुसऱ्या मशीनला लावायचं होतं. म्हटलं, दोन मिनिटं टेकतो भिंतीला. जाग आली ती रिळाची शेपटी फटाफट आपटायला लागली त्यानं. पडदा पांढरा. केरबा बाहेर तंबाखू मळत बसलेला. आवाज थांबला म्हणजे सिनेमा संपला असं समजून त्यानं दारं उघडली, लाईट लावली. अकरा माणसं होती. उठली आणि गेली. तेरा आणि चौदा नंबरची रिळं माझ्या पायाजवळ पेटीत तशीच.

मी खाली धावणार होतो, लोकांना परत बसवणार होतो, तेवढ्यात तू जिना चढून आलीस. डोळे लाल. म्हणालीस, दादा, असा सिनेमा मी जन्मात बघितला न्हाय. तुझं तोंड बघून मला सांगवंना. संध्याकाळी प्रिंट सांगलीला गेली. एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं.

पण सभेत मी नुसता गप बसलो न्हाय, खोटं बोललो. मॅनेजर गणपतराव शेजारी उभे होते. महिन्याआधी त्यांनी एका ऑपरेटरला रिळांचा क्रम चुकवला म्हणून घरी बसवलेलं. मी भ्यालो, हे खरं हाय. हे सांगून सुटता येतंय, पण लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. तू वाचत होतीस, लोक टाळ्या देत होते, तवा मला अभिमान वाटत होता आणि जळत बी होतो. पंधरा वर्षं मी ह्या गावाला सिनेमे दाखवले. कवा कुणी विचारलं न्हाय, धम्मपाल, तुला कुठला आवडला? आणि तू माझ्याच केबिनमध्ये बसून शिकलेली, आणि संपादक तुझ्याकडं बघून मान डोलावतायत. प्रोफेसरांनी विचारलं तवा "न्हाय सर, चूक माझी" हे अगदी तोंडाशी आलतं. ते मी गिळलं. आणि गिळताना थोडं बरं वाटलं. थोडंच, पण वाटलं. दोन मिनिटांनी तुला दारातनं एकटी बाहेर जाताना बघितलं तवा ते बी गेलं.

घरी तू चुलीपाशी येऊन म्हणालीस, दादा, खरं सांग, पुढची रिळं होती का? मी जेवत होतो. भाकरी मोडत म्हटलं, होती, तुझा डोळा लागला असंल. मान सुद्धा वर केली न्हाय. तुला माझा एवढा भरवसा की तू वाद घातला न्हाईस. नुसतं "असंल" म्हणालीस आणि ताटं घासायला घेतलीस. मला वाटलं, चार दिवस वाईट वाटंल आणि विसरंल. एका सिनेमाची तर गोष्ट. तू पुढं स्वतःच्या डोळ्यांनाच खोटं धरून बसशील, हे माझ्या ध्यानीमनी न्हवतं. न्हवतं म्हणून मी सुटत न्हाय, म्हाईत हाय मला.

केरबाला मागनं कळलं होतं. म्हणून तो मेला तर मला बरं वाटलं. हे बी सांगून टाकतो.

दर वर्षी तुला याद्या लिहिल्या. तुला वाटलं असंल, दादाला सिनेमाचा नाद लागला. नाद कसला, डोंबल! तुझं काम मी करत होतो, तुझ्याकडनं हिसकावून घेतलेलं, आणि ते बी धड जमत न्हवतं.

मी माफी मागत न्हाय. कुठल्या तोंडानं मागू? माझं एवढंच म्हणणं हाय, जबाब मागं घेऊ नको. तू बघितलंस ते बघितलंस. त्या गुरुवारी, त्या हॉलमध्ये, सिनेमा त्या दारापाशीच संपला होता. तुला एक क्षणसुद्धा झोप लागली न्हवती. आता हेडमास्तर जे म्हणतायत ना, तसंच मी बी म्हणालो होतो, आणि मी खोटं बोलत होतो.

वकिलाला पायजे असंल तर मी येऊन शपथेवर सांगतो. पत्र रजिस्टर करतोय, पोचपावतीसकट. साध्या टपालानं गहाळ झालं तर परत लिहायची हिंमत व्हायची न्हाय माझी.

धम्मपाल

---

२५ जानेवारी २००४

संघे,

जयभीम. पोचपावती आली. तुझी सही हाय, पत्र न्हाय. बरोबर हाय.

आज रविवार, सोसायटीची सभा होती. न बोलावता गेलतो. चारचौघांत खोटं बोललो होतो, चारचौघांतच खोडायला पायजे, असं वाटत होतं. इस्त्रीचा शर्ट घातला. अध्यक्षांचं झाल्यावर उठलो आणि सगळं सांगितलं, तारखेसकट, रिळांच्या नंबरासकट.

कुणाला काय आठवतच न्हवतं, संघे! निम्मी पोरं नवीन. प्रोफेसर लई थकलेत, कानात मशीन हाय. मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं. "आतून कडी? हो हो, हळदीकुंकवाचा सीन होता शेवटी." आणि माझी बहीण? "कोण बहीण? मला नाही बुवा आठवत." मागनं बोलणारा तो कोण होता, तो जिता हाय का मेला, ते बी कुणाला म्हाईत न्हाय. अध्यक्ष म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत, चहा घेऊन जा. मी चहा न घेता आलो.

तिथनं गणपतरावांच्या घरी गेलो. रिटायर होऊन झोपाळ्यावर बसलेले. ऐकून म्हणाले, "खुळा हाईस काय? शो वीस मिनिटं आधी सुटला, मला कळणार न्हाय? मला त्याच दिवशी कळलं होतं. अकरा माणसांसाठी मी तुला घालवला असता व्हय?" म्हटलं, साहेब, मग सभेत तुम्ही का गप बसला? म्हणाले, "तू पूर्ण म्हणालास. तुझी बहीण, तुझं तू बघ. मी कशाला मधी पडू?"

म्हणजे नोकरीला धोकाच न्हवता. मी सात वर्षं त्या भीतीच्या आडोशाला बसलेलो, ती बी खोटी निघाली. आता नुसती जळकी वृत्तीच राहिली माझ्या पदरात. तुला हे कळवायला पायजे म्हणून लिहिलं.

नऊ तारखेला मी दिवसभर घरात असणार. शेजारच्यांचा फोन नंबर खाली दिलाय.

धम्मपाल

---

२२ फेब्रुवारी २००४

दादा,

जयभीम.

नऊ तारखेला साक्ष झाली. फोन मुद्दाम केला नाही. वकिलांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, मीही तुझं पत्र दाखवलं नाही.

सरकारी वकील म्हणाले, बाई, तुम्ही हजेरी घेत होता, गेटकडं सतत बघत होता का? मी म्हटलं, नाही. वर्गात बत्तीस मुलं आहेत. प्रत्येक नावाला मान खाली, प्रत्येक 'हजर'ला मान वर. बत्तीस वेळा वर बघितलं, बत्तीस वेळा तो माणूस गेटवर होता, पोरगी त्याच्या खांद्यावर. नंतर पाढे आणि धडा झाला, तेव्हा मी सुट्टीपर्यंत दारातच उभी होते. ते म्हणाले, नजरचूक होऊ शकते. मी म्हटलं, माझी झाली नाही. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

पिराजीला जामीन मिळाला. निकाल लागायचा आहे. त्याच्या पोरीचं नाव मी स्वतः पटावर घातलं. हेडमास्तर माझ्याशी बोलत नाहीत, गावातून दूध बंद झालंय, पण ते चालेल.

आता तुझं. माफी मागत नाही म्हणालास, बरं झालं, कारण माझ्याकडं नाही. तुला वाटतं माझं सिनेमाचं सदर गेलं. ते गेलं तर गेलं. बाकीचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते.

त्या दिवशी मी दारात उभी होते म्हणून पिराजी दिसला. मी नेहमी उभीच असते. सात वर्षांत वर्गात एकदाही खुर्चीवर बसले नाही. बसले की डोळा लागेल, आणि लागला तर मला कळणार नाही, म्हणून. मुलं मला 'उभ्या बाई' म्हणतात. लातूरला जाऊन दोनदा डोक्याची तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मला वाटलं, यांना सापडत नसेल. माझा भाऊ खोटं बोलला असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

आई स्थळं पाठवायची, मी नाही म्हणायचे. तुम्हाला वाटलं असेल, नोकरीचा तोरा आहे. कबनूरचे ते शिक्षक मला आवडले होते, दादा. खूप आवडले होते. तरी नाही म्हणाले. उद्या मूल मांडीवर असताना माझा डोळा लागला तर? त्याला काही झालं तर? या भीतीनं नाही म्हणाले. कुणाला सांगितलं नाही. मला आता चौतिसावं चालू आहे. ते शिक्षक दोन मुलांचे बाप आहेत.

हे तुला टोचावं म्हणूनच लिहिलंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात खुर्ची ओढली आणि बसले. काही झालं नाही. तशीच बसून राहिले. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा उठले.

मे महिन्यात आईकडं येणार आहे, पंधरा दिवस. तुझ्याशी बोलेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. तू मात्र ड्यूटीचं निमित्त काढून बाहेर जाऊ नकोस. घरात थांब.

संघप्रिया